सूर, खमीर आणि यीस्टची पुडी

रसदीच्या इतिहासावरच्या या मालिकेत आपण आतापर्यंत धान्य पाहिलं, मीठ पाहिलं, फौजेबरोबर बैलांचे तांडे घेऊन चालणारे बंजारे पाहिले. आजचा विषय त्यांच्यापुढे अगदी बारीक आहे. आज आपण यीस्टबद्दल बोलणार आहोत.

घरी पाव भाजणारे बरेच प्रेक्षक मला विचारतात की ताजं यीस्ट घ्यावं की कोरडं, आणि पुडीवर ‘इन्स्टंट’ लिहिलेलं असतं ते नक्की काय? उत्तर मी देणार आहे, ग्रॅमच्या हिशोबासकट. पण आधी इतिहास सांगतो. हे तीन-चार प्रकार कोणी हौस म्हणून काढलेले नाहीत. प्रत्येकामागे पुरवठ्याची एक अडचण होती. अडचण कळली की कोणता प्रकार कुठे वापरायचा हे पाठ करावं लागत नाही.

किण्व, खमीर आणि मैसूरची पोथी

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. पावाचं यीस्ट म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. नावाचा पहिला भाग ग्रीक-लॅटिनमधून आला असला तरी त्याचं मूळ आपल्या ‘शर्करा’ या शब्दाशी जाऊन भिडतं. साखर खाणारी बुरशी, असा साधा अर्थ. ती साखर खाते आणि दोन गोष्टी सोडते: कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल. दारू गाळणाऱ्याला अल्कोहोल हवं असतं, पाववाल्याला वायू हवा असतो. जीव तोच. गव्हाच्या पिठातला चिकट भाग, म्हणजे ग्लुटेन, हा वायू फुग्यासारखा धरून ठेवतो आणि पाव फुगतो.

आंबवणं आपल्याला नवीन नव्हतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘किण्व’ येतं. उडीद आणि तांदूळ यांत वनस्पती मिसळून केलेलं ते विरजण होतं, मद्यासाठी. ही पोथी जगासमोर आली ती मैसूरमधूनच. इथल्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली ती आर. शामशास्त्रींच्या हाती पडली आणि १९०९ साली त्यांनी संहिता छापली. आज मराठीत आपण ‘किण्वन’ हा शास्त्रीय शब्द वापरतो तो याच ‘किण्वा’वरून. ‘खमीर’ हा शब्द मात्र अरबी-फारसीतून आला.

मग आपल्याकडे इडली फुगते, ढोकळा फुगतो, तसा पाव का नव्हता? इडलीच्या पिठात वायू सोडण्याचं मुख्य काम ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू करतात. तो वायू उडदाच्या चिकटपणामुळे पिठात अडकतो आणि वर वाफेचा धक्का मिळतो. हे वेगळं तंत्र आहे. गव्हाचा जाड गोळा फुगवायचा, तोही रोज, शेकडोंच्या संख्येने, त्यासाठी भट्टी लागते आणि जोमदार यीस्टचा रोजचा पुरवठा लागतो. तो पश्चिम किनाऱ्यावर उभा राहिला सोळाव्या शतकात.

गोवा: माडावरचं यीस्ट

१५१० साली अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला. पोर्तुगीजांना पाव दोन कारणांसाठी हवा होता. एक, ते रोजचं अन्न होतं. दुसरं, गव्हाशिवाय त्यांची मिस्साची पूजा होत नव्हती. गहू जहाजाने किंवा घाटावरून येऊ शकत होता. पण यीस्ट? त्या काळी युरोपातला पाववाला बिअरच्या पिंपावरचा फेस वापरायचा किंवा कालचा आंबलेला गोळा आजच्या पिठात घालायचा. गोव्यात बिअर गाळली जात नव्हती.

गोव्यात होता माड. माडाच्या पोयीला चीर देऊन जो रस काढतात त्याला गोव्यात सूर म्हणतात, आपल्या कोकणात माडी. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात माडाचं आणि या सुरेचं वर्णन केलं आहे. सूर मडक्यात पडते तेव्हाच हवेतलं, मडक्यातलं यीस्ट तिच्यात शिरतं आणि काही तासांत ती फसफसू लागते. त्यात पावाचं यीस्टही असतं आणि आंबटपणा आणणारे जिवाणूही. पिठात पाण्याऐवजी सूर घातली की पीठ फुगतं. साष्टीतल्या लोकांना पाव भाजायला जेझुइटांनी शिकवलं आणि माजोर्डा हे पाववाल्यांचं पहिलं गाव, असं गोव्यात परंपरेने सांगतात.

रसदीच्या नजरेने बघा. सुरेला घड्याळ आहे. सकाळी गोड, दुपारी फेसाळ, दुसऱ्या दिवशी व्हिनेगर. ती साठवता येत नाही आणि लांब नेता येत नाही. म्हणजे पाववाला, ज्याला गोव्यात पदेर म्हणतात, तो माड काढणाऱ्या रेंदेराच्या जवळच राहिला पाहिजे. म्हणून गावोगाव भट्टी. एक मोठा कारखाना या यीस्टवर उभा राहूच शकत नव्हता. पोळी, उंडो, कात्रे, कांकण हे पावाचे प्रकार, पहाटे आणि संध्याकाळी सायकलवरून वाजणारा पदेराचा भोंगा, ही सगळी व्यवस्था त्या अल्पायुषी सुरेभोवती बांधलेली होती.

असाच मार्ग इतरांनीही काढला. सुरतेत डचांच्या भट्टीवरचा पारशी कारागीर ताडीने पाव फुगवायचा आणि त्यातून पुढे नानखटाई निघाली, अशी कथा आहे. आमच्या येलवालवरून हुणसूरकडे जाणारा रस्ता पुढे कोडगू ओलांडून तलश्शेरीला उतरतो. तिथल्या मंबल्ली बापूंनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक केला, तेव्हा काजूची बोंडं आणि केळी आंबवून त्यावर तो फुगवला, असं सांगितलं जातं. अडचण तीच, आणि उत्तर जवळच्या झाडावर.

पाव खाल्ला म्हणजे बाटला

आता जरा अवघड भागाकडे येतो. पोर्तुगीज ‘पांव’पासून आपला ‘पाव’ शब्द आला. पायाने तुडवतात म्हणून पाव, किंवा चार तुकडे असतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती लोकांनी मागाहून जुळवलेली आहे. पण पायाची ती गोष्ट इतकी पसरली यातच पावाबद्दलचा संशय दिसतो.

वसई, साष्टी आणि गोव्याकडच्या घराघरांत एक आठवण सांगितली जाते: विहिरीत पावाचा तुकडा टाकला, लोकांनी ते पाणी प्यायलं आणि गाव बाटलं. गोव्यातल्या धर्मांतराची कागदोपत्री साधनं खूप मोठी आहेत. देवळं पाडली गेली, अनाथ मुलांबद्दल कायदे झाले, १५६० पासून इन्क्विझिशन चाललं, १८१२ साली ते कायमचं बंद झालं. त्या सगळ्या दडपणाची गोष्ट एका तुकड्यात का मावली, हा माझा प्रश्न आहे.

उत्तर पावाच्या घडणीत आहे. पोळी घरच्या चुलीवर, घरच्या बाईच्या हाताने होते. पाव बाहेरच्या माणसाच्या हातचा, त्याच्या पाण्याने मळलेला, आणि वर सुरेने, म्हणजे लोकांच्या दृष्टीने दारूने, फुगवलेला. सोवळ्याच्या नियमात यातली एक गोष्टही पुरेशी होती. इथे तिन्ही एकत्र होत्या. म्हणून विहिरीची गोष्ट ऐकणाऱ्याला पटत असे.

आणि ज्यांना ही चौकट मोडायची होती त्यांनीही नेमका पावच उचलला. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. सभा गुप्त होती. नव्या सभासदाला जातिभेद मानत नाही हे कृतीने दाखवावं लागे, आणि ती कृती म्हणजे ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खाणं. विचार करा, हे शिकलेले, नोकरीपेशातले लोक होते. जातीतून बाहेर टाकलं गेलं तर लग्नं, श्राद्धं, शेजार सगळं तुटणार होतं. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा विस्कटली. लोक घाबरले ते या तुकड्याचा बोभाटा होईल म्हणून. पुढे त्यातल्याच काही मंडळींनी १८६७ साली प्रार्थना समाज उभा केला, उघडपणे.

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून काय गदारोळ झाला हे तुम्हाला माहीत आहे. गोपाळराव जोशींनी नावं छापली आणि टिळक, रानडे यांच्यासारख्यांपर्यंत ग्रामण्य पोहोचलं. भट्टीतल्या मालाला आपल्या समाजात किती वजन होतं ते यावरून समजावं.

छावणी, प्रयोगशाळा आणि दाबलेलं यीस्ट

पावाला आतल्या मुलखात आणलं ते छावण्यांनी. पुणे, अहमदनगर, देवळाली, कामठी, बेळगाव. गोऱ्या पलटणीला रोज पाव लागायचा. म्हणून यांपैकी बहुतेक गावांत ‘कॅम्प’ म्हटलं की जुन्या लोकांना आजही बेकरी आठवते. मराठी घरात मात्र पाव बराच काळ आजाऱ्याचं अन्न म्हणून आला, तापातून उठलेल्याला दुधात बुडवून द्यायला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे बाट लागत नसे!

छावणीत यीस्टची पंचाईत कायम होती. मद्रास सैन्यातले कर्नल केनी-हर्बर्ट यांनी ‘वायव्हर्न’ या नावाने १८७८ साली स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. मुक्कामावर पाव करायचा तर यीस्टच्या नादी न लागता बेकिंग पावडर वापरा, असा त्यांचा व्यवहारी सल्ला होता. बेकिंग पावडर म्हणजे यीस्ट नव्हे, हे इथे सांगून ठेवतो. ती सोडा आणि आम्ल यांची रासायनिक जोडी आहे. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ साली ती तयार केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं. ती डब्यात टिकते, लगेच काम करते, पण आंबवण्याची चव देत नाही.

दरम्यान युरोपात यीस्टचं खरं स्वरूप उलगडत होतं. लेव्हेनहुकने १६८० मध्ये भिंगाखाली यीस्टचे गोल कण पाहिले होते, पण ते जिवंत आहेत हे त्याला उमगलं नव्हतं. १८३७ च्या आसपास कान्यार द ला तूर आणि श्वान यांनी ते सजीव असल्याचं मांडलं. लीबिग यांच्यासारखे मोठे रसायनशास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हते. पाश्चरने १८५७ पासूनच्या आपल्या कामातून आंबवणं ही सजीवांची क्रिया आहे हे ठामपणे दाखवलं. १८९७ साली बुखनरने पेशी फोडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे सिद्ध केलं आणि १९०७ चं नोबेल त्याला मिळालं.

व्हिएन्नाच्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात यीस्ट वाढवून, धुऊन, दाबून वड्या करण्याची पद्धत बसवली. ऑस्ट्रिया-हंगेरीतून गेलेल्या फ्लाइशमन बंधूंनी १८६८ साली ती अमेरिकेत सुरू केली आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात लोकांसमोर पाव भाजून दाखवला. यीस्ट पहिल्यांदाच दारूपासून वेगळं, मोजून विकण्याची वस्तू झालं. पण ही वडी ओली. ती थंडाव्यात ठेवावी लागते आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेला प्रशांत महासागरातल्या बेटांवर बर्फाच्या पेट्या पुरवणं शक्य नव्हतं. म्हणून फ्लाइशमन कंपनीने न सडणारं, दाणेदार कोरडं यीस्ट बनवलं. हेच ‘ॲक्टिव्ह ड्राय’. वाळवताना दाण्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी मरतात, म्हणून ते आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं. १९७० च्या दशकात युरोपातल्या कंपन्यांनी वाळवण्याची पद्धत सुधारली आणि बारीक दाण्याचं ‘इन्स्टंट’ यीस्ट आलं, सरळ पिठात मिसळता येणारं.

आपल्या देशात १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज काढली, ऑस्ट्रेलियाच्या मदतीने, कोलंबो योजनेखाली. कापलेला, कागदात गुंडाळलेला ब्रेड त्यानंतर घरोघर गेला. मैसूरमध्ये १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, तिथे बेकरी तंत्राचा स्वतंत्र विभाग आहे. १९६१ साली संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळाही इथेच आली, जिची टिकाऊ चपाती जवानांच्या पाठीवरच्या पिशवीत जाते. म्हणजे सैन्याने शेवटी फुगवायचा प्रश्नच टाळून चपाती टिकवली, असंही म्हणता येईल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर

अर्धा किलो मैदा किंवा कणीक धरा. त्याला ताजं यीस्ट १५ ग्रॅम, ॲक्टिव्ह ड्राय ६ ते ७ ग्रॅम, इन्स्टंट ५ ग्रॅम. ताज्या यीस्टमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं, म्हणून ते जास्त लागतं. एवढा फरक लक्षात ठेवला की कोणतीही कृती कोणत्याही यीस्टवर बदलून घेता येते.

ताजं यीस्ट: तुमच्या शहरात बेकरीचं सामान विकणारं दुकान असेल, फ्रीज असेल आणि आठवड्यात दोनदा भाजत असाल तरच. रंग फिका मातकट, वास गोडसर, हाताने चुरा झाला पाहिजे. चिकट, काळपट वडी घेऊ नका.

ॲक्टिव्ह ड्राय: ३८ ते ४३ अंशांच्या पाण्यात, चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा. बोटाला सुखद वाटेल इतकंच गरम. फेस आला तर जिवंत, नाही आला तर मैदा वाया घालवू नका. ५५-६० अंशांच्या पाण्यात यीस्ट मरतं. आपल्याकडे घरच्या पावाचं सर्वात मोठं नुकसान या उकळत्या पाण्यानेच होतं.

इन्स्टंट: कोरड्या पिठात मिसळा. मीठ थेट त्याच्यावर टाकू नका, पिठाच्या दुसऱ्या बाजूला टाका. पुडी फोडल्यावर हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये. कोकणातल्या दमट हवेत उघडी पुडी फार टिकत नाही. गोड पावात साखर फार असेल तर साधं यीस्ट मंदावतं. त्यासाठी जास्त साखरेत काम करणारं वेगळं इन्स्टंट मिळतं, पुडीवर तसं लिहिलेलं असतं.

हवामान बघा. नागपूरच्या मे महिन्यात यीस्ट निम्मं केलं तरी पीठ धावतं. डोंगरावर गंमत उलटी आहे. लेहच्या उंचीवर, म्हणजे ३५०० मीटरवर, हवेचा दाब कमी, म्हणून उबेत ठेवलेलं पीठ लवकर फुगतं आणि तसंच खचतं. तिथे यीस्ट कमी करायचं, पीठ उबेत ठेवायचं, पण डोळा ठेवायचा. घड्याळ नव्हे, पीठ बघायचं. दुप्पट झालं की भट्टीत.

आणि वेळ असेल तर यीस्ट कमी घाला. ५ ग्रॅमऐवजी १ ग्रॅम इन्स्टंट घालून पीठ रात्रभर थंड जागी ठेवा. सावकाश आंबण्यात चव तयार होते. जुन्या पावाची चव सुरेइतकीच त्या सावकाशपणाची होती.

काय मिळालं, काय गेलं

आज गोव्यातले बहुतेक पदेर बाजारातलं यीस्ट वापरतात. रेंदेर कमी झाले, माडावर चढायला मुलं तयार नाहीत, सूर महाग झाली. पुडी स्वस्त आहे, दर वेळी सारखी वागते. पदेराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पहाटे चारला पाव तयार हवा असतो. पण सूर गेली तशी पदेर आणि रेंदेर यांची जोडी तुटली. पुडीला गावाची गरज नाही, म्हणून गावच्या भट्टीलाही आधार उरला नाही. तयार ब्रेडचा ट्रक आता तिच्याशी स्पर्धा करू शकतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी. पुडीला जात नाही, धर्म नाही. ज्या तुकड्यासाठी परमहंस सभेच्या लोकांनी दारं लावून घेतली, तो आज वड्याबरोबर रस्त्यावर उभं राहून कोणीही खातो आणि भाजणारा कोण हे विचारत नाही. हा बदल भाषणांनी जितका झाला तितकाच वडापावच्या गाड्यांनी केला, असं मला वाटतं.

गोव्यात गेलात तर एक काम करा. गावातली लाकडाची भट्टी शोधा, पदेराकडून पोळी घ्या आणि सूर वापरता का, हे नक्की विचारा. हो म्हणाला तर दोन जास्त घ्या. गिऱ्हाईक राहिलं तर सूर राहील. रसदीचा नियम साधा आहे: मागणी थांबली की वाट बुजते.

पुढच्या भागात डबाबंद दुधाकडे वळू. तोवर तुमच्या भागात पीठ कशाने आंबवतात ते जरूर लिहून कळवा. नमस्कार.